एका डॉक्टरपुरती साथ

डिसेक्शन हॉलमधून बाहेर पडलं की आम्ही साबण लावून तीन-तीनदा हात धुवायचो, तरी कॅन्टीनमधल्या बटाटेवड्याला फॉर्मेलिनचा वास यायचाच. पहिल्या आठवड्यात अर्धी मुलं डबा तसाच घरी परत न्यायची. महिनाभरात सगळ्यांचं नाक मरायचं. पुढे तीस वर्षं मी तोच विषय, ॲनाटॉमी म्हणजे शरीररचनाशास्त्र, शिकवला, त्याच वासात नोकरी केली, आणि हात धुण्याचा संबंध माझ्या मनात कायम वासाशीच राहिला. आमच्याकडची शरीरं रसायनात मुरलेली, जवळजवळ निरुपद्रवी. एखाद्या विद्यार्थ्याचं बोट सुरीने कापलं तर आयोडीन, पट्टी, आणि "लक्ष कुठे होतं?" असं एक ओरडणं. संपलं.

निवृत्तीनंतर जुन्या ॲनाटॉमीवाल्यांची चरित्रं वाचायचा नाद लागला आणि कळत गेलं की हा निवांतपणा अगदी अलीकडचा आहे. फॉर्मेलिन आलं १८९० च्या दशकात. त्याआधीचं प्रेत म्हणजे कुजायला लागलेलं प्रेत. हातमोजे नाहीत. बोटाला झालेली बारीकशी जखम आठवडाभरात धडधाकट माणूस नेऊ शकायची. आणि असं प्रेत उघडलेला डॉक्टर, फार तर हातावर पाणी घेऊन, त्याच कोटात घोडागाडीत बसायचा आणि बाळंतिणीकडे जायचा.

शवागारापासून बाळंतिणीच्या खाटेपर्यंतच्या ह्या वाटेवर ज्याने अमेरिकेत पहिल्यांदा ठणकावून बोट ठेवलं, तो बॉस्टनचा ऑलिव्हर वेंडेल होम्स. नाव शोधायला गेलं तर आधी त्याचा मुलगा सापडतो. नाव तेच, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा गाजलेला न्यायाधीश. मला बाप हवा होता. १८०९ साली मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला जन्मलेला, चणीने लहानखुरा, बोलायला लागला की थांबत नाही असा माणूस. हार्वर्डमधून १८२९ साली पदवी घेतली, थोडे दिवस कायदा शिकला, कंटाळला. १८३० साली एका जुन्या युद्धनौकेला भंगारात काढणार अशी बातमी वाचून कविता लिहिली, ती देशभर छापून आली आणि जहाज वाचलं. एकविसाव्या वर्षी कवितेने जहाज वाचवलेल्या माणसाला शब्दांच्या ताकदीबद्दल काय वाटत असेल! मला वाटतं, त्याच्या पुढच्या आयुष्यातलं बरंच चांगलं आणि थोडं वाईट ह्या एका यशातून आलं.

मग तो वैद्यकाकडे वळला आणि १८३३ साली पॅरिसला गेला. तेव्हा अमेरिकन डॉक्टराला खरं शिकायचं तर पॅरिसलाच जावं लागायचं. तिथे त्याला पिएर लुई नावाचा गुरू भेटला. लुई बाकी फार काही करत नसे, तो मोजत असे. न्यूमोनियाच्या रोग्याचं रक्त काढायचं ही शतकानुशतकांची पद्धत. लुईने किती रोग्यांचं रक्त कधी काढलं, किती जगले, किती मेले, ह्याची कोष्टकं मांडली आणि दाखवून दिलं की रक्त काढण्याचा लोक समजतात तेवढा फायदा काही दिसत नाही. होम्सने तिथून घरी लिहिलं की इथे मी निदान तीन गोष्टी शिकलो: वस्तुस्थिती हाती येत असेल तर कुणाच्या अधिकारवाणीवर विसंबायचं नाही, कळण्याजोगं असेल तिथे अंदाज करायचा नाही, आणि माणूस आजारी आहे म्हणून त्याने औषध घेतलंच पाहिजे असं समजायचं नाही. तिसरी गोष्ट आजही आमच्या नातेवाइकांना पटवता येत नाही. गोळी लिहून दिली नाही तर डॉक्टर कसला!

१८३६ साली हार्वर्डची एम.डी., मग दोन वर्षं डार्टमथला ॲनाटॉमीची प्राध्यापकी, मग बॉस्टनमध्ये प्रॅक्टिस. ती कधी धड चाललीच नाही. "लहानसहान तापसुद्धा आभारपूर्वक स्वीकारले जातील" अशी पाटी लावावी, असा विनोद तो स्वतःच करायचा म्हणतात. असा विनोद करणाऱ्या डॉक्टरकडे लोक येत नाहीत. आजारी माणसाला गंभीर चेहरा लागतो.

रोगी नव्हते, तेव्हा वाचायला वेळ होता. माझ्या मते त्याच्या हातून घडलेलं सर्वांत मोठं काम ह्या रिकाम्या वेळेतून घडलं.

बॉस्टनमध्ये डॉक्टरांची एक मंडळी नियमित जमायची, एकमेकांच्या केसेसवर चर्चा करायची. तिथे एक प्रकरण निघालं. एका डॉक्टरने सूतिकाज्वराने, म्हणजे बाळंतज्वराने, गेलेल्या बाईचं शवविच्छेदन केलं. त्यात त्याला जखम झाली आणि आठवड्याच्या आत तो स्वतः गेला. पण मधल्या दिवसांत त्याने काही बाळंतपणं केली होती, आणि त्या सगळ्या बायकांना बाळंतज्वर झाला असं सांगितलं जात होतं. मंडळी हळहळली असणार. होम्स घरी गेला आणि पुस्तकं काढून बसला.

१३ फेब्रुवारी १८४३ ला त्याने त्याच मंडळीपुढे निबंध वाचला. वय तेहतीस. बाळंतपणं करणारा डॉक्टर अशी त्याची ओळख नव्हती. त्याने प्रयोग केला नव्हता, सूक्ष्मदर्शकाखाली काही शोधलं नव्हतं. त्याने फक्त यादी केली होती. कुठल्या गावात, कुठल्या डॉक्टरच्या हाताखाली, किती दिवसांत, किती बायका. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या अलेक्झांडर गॉर्डनने १७९५ साली सत्याहत्तर रुग्णांचं कोष्टक छापलं होतं, प्रत्येकीपुढे तिचं बाळंतपण कुणी केलं ते लिहून. गॉर्डनच्या लक्षात आलं की कुठली सुईण आली हे सांगा, मी सांगतो ताप येणार की नाही. आणि मग त्या माणसाने एक वाक्य लिहिलं, ते वाचून मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवलं होतं. हे सांगणं मला जड जातंय, असं म्हणून त्याने कबुली दिली होती की कित्येक बायकांपर्यंत हा संसर्ग नेणारा मी स्वतः होतो.

होम्सच्या यादीत फिलाडेल्फियाचे डॉक्टर रटर होते. त्यांच्याकडे एका वर्षात बाळंतज्वराच्या पंचेचाळीस केसेस झाल्या, आणि त्याच शहरात त्याच गल्ल्यांमधून फिरणाऱ्या इतर डॉक्टरांकडे जवळजवळ नाहीच. हवा तीच, पाणी तेच, ऋतू तोच. साथ असेल तर ती एकाच माणसाच्या मागे मागे कशी फिरते? होम्सने तिला नाव दिलं "खासगी साथ". एका डॉक्टरपुरती साथ.

निबंधाच्या शेवटी आठ नियम होते. बाळंतपणं करणाऱ्या डॉक्टरने बाळंतज्वराच्या शवविच्छेदनात भाग घेऊ नये. हजर राहिलाच तर पूर्ण स्वच्छ व्हावं, अंगावरचा प्रत्येक कपडा बदलावा, किमान चोवीस तास बाळंतपण घेऊ नये. थोड्या काळात दोन केसेस झाल्या तर निदान महिनाभर बाळंतपणं बंद. पोटावर पाय देणारे नियम आहेत हे, आणि लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या पोटावर तो पाय फारसा पडत नव्हता, हेही खरं. आठवा नियम तर नियमही नाही, तो निवाडाच. एका डॉक्टरच्या कक्षेत अशी साथ चालू राहिली तर तिला यापुढे दुर्दैव म्हणू नये, गुन्हा म्हणावं.

इथे मला वाचकांपैकी काहींची चुळबुळ दिसते आहे. "आपल्याकडे बाळंतिणीला दहा दिवस शिवत नसत, आपल्या पूर्वजांना हे ठाऊकच होतं." माझ्या आजीच्या घरीही बाळंतिणीची खोली वेगळी, अंधारी, पडवीच्या टोकाला होती. पण त्या खोलीत बाळंतीण विटाळशी म्हणून ठेवली होती. तिच्यापासून घराला जपायचं होतं. सुईण कुठून आली, आधी कुणाकडे होती, तिने नाळ कशाने कापली, हे कुणी विचारलं नाही. माझ्या आजीची थोरली जाऊ त्याच खोलीत, पाचवी पुजल्यावर दोन दिवसांनी तापाने गेली. घरात सांगत की बाधा झाली. किती जणी गेल्या आणि त्यांच्याकडे कोण आलं होतं, ह्याची यादी कुणी केली असती तर मी पूर्वजांना हात जोडले असते.

तर निबंध छापून आला, पण जिथे आला ते त्रैमासिक वर्षभरात बंद पडलं. फार थोड्यांनी वाचला. होम्सनेही त्याचा पाठपुरावा केल्याचं दिसत नाही. १८४६ च्या नोव्हेंबरात, बॉस्टनमध्ये ईथर देऊन पहिली जाहीर शस्त्रक्रिया झाल्यावर पाच आठवड्यांनी, त्याने ते ईथर देणाऱ्या मॉर्टन ह्या दंतवैद्याला पत्र लिहून त्या अवस्थेसाठी एक ग्रीक शब्द सुचवला: ॲनेस्थेशिया. तो जगभर गेला. शब्दांत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याचं नाव झालं ते मात्र शिकवण्यामुळे. १८४७ साली तो हार्वर्डला ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजीचा प्राध्यापक झाला आणि १८८२ पर्यंत, पस्तीस वर्षं, शिकवत राहिला. शिवाय सूक्ष्मदर्शकाचे तास आणि कसले कसले. माझ्याकडे प्राध्यापकाची खुर्ची नाही, अख्खं बाकडं आहे, असं म्हणायचा. त्याला तास दिला होता दुपारी एकचा. सकाळपासून चार-पाच व्याख्यानं ऐकून पोरं भुकेने आणि झोपेने मेलेली असायची, आणि त्या वेळी त्यांना जागं ठेवू शकेल असा तोच एक, म्हणून. ज्यांनी जेवणानंतरचा तास घेतला आहे त्यांना ह्याचं मोल कळेल. मी अप्पर लिंबच्या, म्हणजे हाताच्या, नसा दुपारी अडीचला शिकवल्या आहेत. नव्वद मुलांमध्ये चार डोळे उघडे, त्यातले दोन माझे.

त्याच्या प्राध्यापकपदाला पार्कमन नावाच्या बॉस्टनच्या धनिकाचं नाव होतं. कॉलेजची जागाही त्यानेच दिलेली. नोव्हेंबर १८४९ मध्ये हा पार्कमन नाहीसा झाला आणि त्याच्या शरीराचे तुकडे सापडले ते थेट मेडिकल कॉलेजात, रसायनशास्त्राचे प्राध्यापक वेबस्टर यांच्या प्रयोगशाळेच्या खाली. उसन्या पैशांचं भांडण होतं. होम्स तेव्हा डीन होता आणि खटल्यात साक्षीला उभा राहिला. वेबस्टर फासावर गेला. कादंबरीकाराने रचलं तर अतिरंजित म्हणू अशी ही गोष्ट. ती इथेच सोडते, कारण मला पुढच्या वर्षाकडे जायचं आहे.

१८५० च्या हिवाळ्यात हार्वर्डच्या मेडिकल कॉलेजात तीन काळे विद्यार्थी दाखल झाले. डॅनियल लेंग, आयझॅक स्नोडेन आणि मार्टिन डिलेनी. डिलेनी तेव्हाच गुलामगिरीविरुद्ध लिहिणारा नावाजलेला पत्रकार होता. पुढे यादवी युद्धात तो सैन्यात मेजर झाला. त्याच सुमारास हॅरिएट हंट ही बाई, जी बॉस्टनमध्ये बरीच वर्षं रोगी तपासत होती, तिलाही व्याख्यानांना बसायची परवानगी मिळाली. डीन होम्सने दोन्हींना हरकत घेतली नव्हती. मग गोऱ्या विद्यार्थ्यांनी अर्ज केले, सभा घेतल्या. हंटबाईंना माघार घ्यायला लावली. तिन्ही विद्यार्थ्यांना सांगितलं, हे सत्र पुरं करा, पुढच्याला येऊ नका. फॅकल्टीने ठराव केला. होम्स त्या फॅकल्टीचा डीन.

मी बऱ्याच फॅकल्टी मीटिंगा बसून काढल्या आहेत. तिथे काय होतं ते मला माहीत आहे. कुणी दुष्ट नसतं. "तत्त्वतः मान्य आहे, पण वातावरण बिघडतंय" असं कुणीतरी म्हणतं, घड्याळाकडे बघतं, आणि ठराव होतो. मीही एकदा एका मुलीच्या बाबतीत अशीच गप्प बसले होते. तिचं नाव मला आठवतं, इथे लिहीत नाही. म्हणून होम्सवर मी दात-ओठ खात नाही. पण ज्याने कागदावर डॉक्टरांना गुन्हेगार म्हणायला मागेपुढे पाहिलं नाही, तो समोर खुर्च्यांवर बसलेल्या माणसांपुढे इतक्या लवकर का नमला, ह्याचं कोडं सुटत नाही. की सुटतं, पण आवडत नाही?

ज्या वर्षी हॅरिएट हंटला हार्वर्डने बाहेर ठेवलं त्याच १८५० साली फिलाडेल्फियात बायकांचं वेगळं मेडिकल कॉलेज निघालं. छत्तीस वर्षांनी, मार्च १८८६ मध्ये, तिथूनच आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र हा होता. आपल्याकडे ती गोष्ट सांगताना कॉलेजचं नाव तेवढं घेतलं जातं, पण शहर कुठलं हे लक्षात घेण्यासारखं आहे. कारण होम्सच्या निबंधाला सर्वांत कडवा विरोध झाला तो ह्याच फिलाडेल्फियात.

तिथे प्रसूतिशास्त्राचे दोन दिग्गज होते, ह्यू हॉज आणि चार्ल्स मेग्ज. दोघांची पुस्तकं देशभर अभ्यासाला. हॉजनी १८५२ मध्ये विद्यार्थ्यांना सांगितलं की बाळंतज्वर संसर्गजन्य नाही, मनावर हा बोजा घेऊ नका. दोन वर्षांनी मेग्जनी पुस्तकच काढलं. डॉक्टर म्हणजे सद्गृहस्थ, आणि सद्गृहस्थाचे हात स्वच्छ असतात, असं ते म्हणत असं सांगतात. ह्या मृत्यूंचं कारण मी अपघात किंवा परमेश्वरी इच्छा मानेन, कारण त्यांची मला कल्पना तरी करता येते, संसर्गाची करता येत नाही, असंही त्यांनी लिहिलं. डॉक्टर रटर यांचं उदाहरण त्यांनी उलट आपल्या बाजूने वापरलं. बिचाऱ्या रटरनी सगळं करून पाहिलं होतं. गाव सोडून दहा दिवस बाहेर राहिले, अंघोळ केली, डोकं भादरून टोप घातला, नखशिखान्त नवे कपडे चढवले, आणि परत येऊन घेतलेल्या पहिल्याच बाळंतपणात पुन्हा तोच ताप. मग संसर्ग कसला, असं मेग्ज विचारतात. पुढे नोंदलं गेलं ते असं की रटरना नाकाचा जुना, वाहणारा विकार होता. कपडे बदलले, केस काढले, पण नाक बरोबरच होतं. आणि नाकाकडे जाणारा हातही.

होम्स गप्प राहू शकला असता. त्याने १८५५ साली जुना निबंध पुन्हा छापला, एक अक्षर न बदलता, आणि पुढे नवी प्रस्तावना जोडली. ह्या प्रस्तावनेत विनोदी होम्स नावालाही नाही. मेग्जनी न रागावता लिहिलं नव्हतं, कोवळ्या पोरांची पोकळ स्वप्नं म्हणून टर उडवली होती. होम्स त्यात शिरलाच नाही. तो म्हणतो, मला नम्रही व्हायचं नाही आणि मिरवायचंही नाही, तेवढी सवड नाही. ज्यांच्या हाती जीवन-मरणाच्या किल्ल्या आहेत त्यांनी एवढी एक वेळ माझं ऐकावं. माझ्यासाठी काही मागत नाही. ज्या बायकांचे जीव पणाला लागले आहेत त्यांच्या वतीने, त्यांच्यासाठी दुसरा कुणी जोरकस आवाज उठवीपर्यंत, मला बोलू द्या.

जोरकस आवाज तोवर उठला होता, पण समुद्रापलीकडे. १८४७ साली व्हिएन्नात बाळंतिणींच्या वॉर्डातल्या सेमेलवाइस ह्या डॉक्टरचा मित्र कोलेच्का शवविच्छेदनात बोटाला जखम होऊन गेला. बॉस्टनच्या त्या डॉक्टरची गोष्ट जणू पुन्हा घडली, आणि सेमेलवाइसने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावून वॉर्डातले मृत्यू खाली आणले. त्याला सगळ्यांनी पुरेपूर छळलं, त्यानेही सगळ्यांशी भांडण मांडलं, आणि १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात तो गेला. होम्सचं तसं काही झालं नाही. १८५७ पासून त्याचे न्याहारीच्या टेबलावरच्या गप्पांचे लेख नव्या मासिकात येऊ लागले आणि तो घराघरांत पोचला. १८६० साली डॉक्टरांच्याच सभेत म्हणाला, अफूसारखे थोडे अपवाद सोडून आजची सगळी औषधं समुद्रात बुडवली तर माणसांचं भलंच होईल, माशांचं मात्र काही खरं नाही. डॉक्टर चिडले. चिडून चिडून किती चिडणार, वाक्यच तसं होतं.

दोघांची तुलना करताना सेमेलवाइसला हुतात्मा करणं सोपं आहे. मला मात्र होम्सच जास्त अस्वस्थ करतो. सुखवस्तू, लाडका, आपल्या मंडळीत मुरलेला माणूस. त्याने खरं सांगितलं आणि त्याची एक भाकरीही कमी झाली नाही. मग त्याने ते आणखी जास्त वेळा का सांगितलं नाही? हार्वर्डच्या डीनच्या खुर्चीतून सहा वर्षं, भरल्या वर्गापुढे पस्तीस वर्षं, मासिकाच्या हजारो वाचकांपुढे?

१८७९ साली पाश्चरने पॅरिसच्या अकादमीत, बाळंतज्वराची कारणं सांगणाऱ्या वक्त्याला मध्येच तोडून, फळ्यावर मण्यांच्या माळेसारखे जंतू काढून दाखवले. वाद तिथे मिटायला लागला. होम्स तेव्हा सत्तरीला टेकला होता. म्हातारपणी त्याने एका पत्रात मागे वळून पाहिलं आहे. माझ्या आधीही पुष्कळ जण जीव तोडून ओरडले होते, तो लिहितो, पण मला वाटतं मी इशाऱ्याची किंकाळी त्या सगळ्यांपेक्षा मोठ्याने आणि जास्त वेळ फोडली. आणि जंतूंची छोटी फौज माझ्या मदतीला चालून यायच्या आधी, होता तेवढ्या पुराव्यावर मी पाय रोवून उभा राहिलो, हे आठवून बरं वाटतं.

दुसरं वाक्य त्याचं त्याला शंभर टक्के देऊन टाकावं. पहिल्यातलं "मोठ्याने" हेही मान्य. "जास्त वेळ" ह्या शब्दांपाशी मी पेन्सिलीने रेघ मारली आहे, आणि समासात, लुईच्या शिष्याबद्दल लिहायचं म्हणून लुईच्याच पद्धतीने, आकडे मांडून ठेवले आहेत: १८४३. १८५५. मध्ये बारा वर्षं.